‘होते ना ताई’वर विसंबू नका

ताई, तुमचं वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा, वाशिमकडचं गाव, तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नाव नोंदवलेलं, ‘एपिड्युरलचं (कळांचं दुखणं थांबवायला पाठीत नळी घालून देतात त्या औषधाचं) वेळेवर बघू’ म्हणणाऱ्या मॅडम, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) १ लाख १० हजार, आणि ‘त्या सुईने पाठ जन्माची जाते’ म्हणणाऱ्या सासूबाई. नऊ वर्षांपूर्वीची मीच की हो. फक्त जिल्हा यवतमाळ.

तुम्ही विचारलंय, एपिड्युरलसाठी कोणतं औषध, बुपिव्हाकेन मागू की रोपिव्हाकेन. सुई कुठे टोचतात, नळी कशी ठेवतात हे तुम्ही वाचलेलं दिसतंय, ते सोडते. मी डॉक्टर नाही. कृषी सेवा केंद्राचा हिशेब लिहिणारी, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे, तेव्हा औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण औषधाचं नाव विचारण्याआधी भुलीचे डॉक्टर रात्री कुठे झोपतात ते विचारा. माझं सगळं तिथंच चुकलं.

मी काउंटरवर तीनदा विचारलं होतं, ‘इथं पेनलेस डिलिव्हरी होते का?’ तिन्ही वेळा एकच उत्तर: ‘होते ना ताई, बोर्डावर लिहिलंच आहे.’ तिसऱ्या वेळी त्यांनी पाच हजार आगाऊ घेतले आणि मी निश्चिंत झाले. कोण देणार, कधी येणार, हे विचारायचं सुचलंच नाही. बोर्डावर लिहिलंय म्हणजे आत माणूस बसलेला असणार, असं मी धरून चालले.

कळा सुरू झाल्या तान्ह्या पोळ्याच्या रात्री. पोरांचे लाकडी बैल अजून ओसरीवर होते. शेजाऱ्याच्या गाडीतून पावसात दवाखान्यात पोचेस्तोवर साडेबारा वाजले. तिथं कळलं की भुलीचे सर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, ठरलेलं सिझर असलं की. बाकी दिवस ते जिल्ह्याच्या गावी, म्हणजे ७० किलोमीटरवर. सिस्टर म्हणाली, ‘फोन लावते, पण ते येईस्तोवर तुमचं होऊन जाईल.’

झालं नाही. सकाळी साडेसहाला झालं.

मधल्या वेळात एक इंजेक्शन दिलं, ‘आता बरं वाटेल’ म्हणून. नंतर फाइलमध्ये नाव पाहिलं तर ड्रोटाव्हेरिन. ते पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून देतात, एपिड्युरलसारखं दुखणं थांबवायला नव्हे. आणि मी ओरडत होते, ‘कळांचं इंजेक्शन द्या हो!’ सिस्टर शांतपणे म्हणाली, ‘लावलं ना ताई, सलाईनमध्ये.’ मला हवं होतं कळा थांबवायचं. आपल्याकडे कळांचं इंजेक्शन म्हणजे कळा वाढवायचं, ऑक्सिटोसिन. आज घरात यावर हसतात. मला अजून पुरतं हसू येत नाही.

पाच हजारांचं तर विचारूच नका. ‘सुविधा तुम्ही घेतली नाही, आगाऊ रक्कम परत होत नाही.’ मी घेतली नाही! नवऱ्याने चार चकरा मारल्या. पावतीवर नुसतं ‘जमा’ लिहिलेलं, कशापोटी ते नाही. म्हणून सांगते, पैसे भरलेच तर पावतीवर ‘एपिड्युरल’ हा शब्द लिहून घ्या, आणि डॉक्टर आले नाहीत तर पैशांचं काय, तेही.

दुसऱ्या वेळी मी तालुक्याचा नाद सोडला. पस्तिसाव्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावी जाऊन थेट भुलीच्या मॅडमनाच भेटले. रात्री दोनला बोलावलं तर किती वेळात याल? सणाला गावी गेलात तर बदली कोण? त्याच वेळी दुसरीकडे सिझर लागलं तर? त्या जरा हसल्या, पण तिन्हींची सरळ उत्तरं दिली. तुम्हीही भेटा. ‘आमचे सर नंतर भेटतील’ असं कोणी म्हटलं, तर माझ्यापुरतं तरी उत्तर मिळालं. सगळे दवाखाने तसेच असतात असं नाही, पण दुधाने पोळलेली बाई ताकही फुंकून पिते.

आता तुमचा औषधांचा प्रश्न. दोन्ही बधिरीकरणाचीच औषधं. रोपिव्हाकेनने पाय थोडे कमी जड होतात म्हणतात, पण हल्ली दोन्ही इतकी पातळ देतात की बाईला फरक क्वचितच कळतो. मला दुसऱ्या वेळी बुपिव्हाकेन दिलं होतं, पाय हलत होते, उठून चालायला मात्र मनाई होती. सोबत थोडं फेंटानिल घालतात, त्याने बधिरीकरणाचं औषध कमी लागतं. त्याची खाज सुटते, मी नाक खाजवून लाल केलं होतं. ते अफूच्या जातीचं, ठेवायला सरकारी मान्यता लागते, त्यामुळे लहान दवाखान्यात नसेलही. नसेल तर त्याऐवजी काय घालणार, ते विचारा. एपिड्युरलचा गुण यायला १५ ते २० मिनिटं लागतात. आधी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थोडं औषध देऊन मग नळी ठेवण्याचीही पद्धत आहे, तिचा गुण पाचेक मिनिटांत येतो. पिशवीचं तोंड अमुक इतकं उघडल्याशिवाय देत नाही, हा जुना नियम आता धरत नाहीत. पण मूल अगदी टेकलं असेल तर नळी घालायला वेळच उरत नाही. बीपी उतरू शकतं, म्हणून सलाईन आणि वारंवार मोजणं आलंच. आमच्याकडे ऐन वेळी लाइट गेली आणि नळीतून औषध सोडणारा पंप बंद पडला, तेव्हा मॅडमनी सिरिंजने हातानेच औषध दिलं. इन्व्हर्टर कशाकशाला जोडलाय तेही विचारून ठेवा, लाजू नका.

एपिड्युरल नसेल तर ट्रामाडॉल किंवा फोर्टविन या दुखणं कमी करणाऱ्या औषधांचं इंजेक्शन हा दुसरा मार्ग. झोप येते, उलटी होते, दुखणं बोथट होतं, जात नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन.

प्लेटलेट १ लाख १० हजार असताना बहुतेक भूलतज्ज्ञ अडत नाहीत. साधारण ७० हजारांच्या खाली गेल्या की हात आखडतात, आणि आकड्यापेक्षा तो घसरतोय का हे जास्त बघतात. म्हणून छत्तिसाव्या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) पुन्हा करा आणि बाळंतपणाला जाताना ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. रविवारी रात्री तालुक्याला लॅब उघडी मिळणार नाही. रक्त पातळ करायची हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आजच सांगा, शेवटच्या डोसनंतर ठरावीक तास जावे लागतात. नुसती इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) असेल तर सहसा अडत नाही, पण सांगायची तीही.

सरकारी दवाखान्याचं म्हणाल तर २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि ने-आण मोफत आहे. पण त्यावरून एपिड्युरल मिळेलच असं धरू नका. मेडिकल कॉलेजात भुलीचे डॉक्टर रात्रीही असतात, पण ते सिझर आणि अपघातांमागे पळत असतात. तिथंही आधीच विचारा.

राहिल्या सासूबाई. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘आमी तं वावरातून येऊन बाळंतीण झालो, तुले काहून सुई पायजे वं?’ त्यांच्याशी वाद घालू नका. जन्माची पाठदुखी एपिड्युरलने येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, आणि शंभरात साधारण एकीला काही दिवस वाईट डोकेदुखी होते, हे मात्र खरं. दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाई लेबर रूमच्या दारात होत्या. ओरडणं ऐकू येईना म्हणून घाबरून आत आल्या, तर मी सिस्टरशी तुरीच्या भावावर बोलत होते.

त्या मॅडमचं नाव इथं लिहीत नाही. रिपोर्ट आला की प्लेटलेटचा आकडा इथं टाका, आणि तुमचे भुलीचे डॉक्टर कुठे राहतात तेही.