नाशिकमध्ये राहून जुनी नाटकं नव्याने बसवणारा दिग्दर्शक होता येतं का?

होता येतं. पोट मात्र हौशी रंगभूमीवर भरत नाही, नोकरी सोडू नका.

पण तुम्ही पुढे विचारलंय, 'अभिजात नाटकाला हात लावायचा अधिकार आपल्याला आहे का?' तेवढ्यासाठी लिहायला बसलो. हेच मला आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी भर तालमीत विचारलं होतं.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी गो. ब. देवलांचं 'शारदा' घेतलं होतं: बाप कांचनभट पैशांसाठी कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो. नाटक १८९९चं. जसंच्या तसं केलं तर प्रेक्षक 'काय काळ होता तो' म्हणत घरी जातो. मी ते निफाडच्या द्राक्षबागेत नेलं. भुजंगनाथ अडतीस वर्षांचा बागायतदार, शेतकरी म्हणून मुलगी मिळेना. भद्रेश्वर दीक्षित मोटारसायकलवरून फिरणारा मध्यस्थ, लांबून मुली आणतो, रक्कम ठरवतो. कांचनभट ऊसतोड मजूर. माझ्या मावसभावाचं लग्न असंच जमवलं जात होतं, मी बैठकीला होतो.

तालमीत गोष्ट उलटली. भुजंगनाथाचीच कीव यायला लागली. तीन आठवडे अडकलो. शेवटी नटाला म्हटलं, रडवेला होऊ नकोस, पिंपळगावच्या मार्केटात माल पारखतोस तसं मुलीकडे बघ. त्या एका नजरेने नाटक उभं राहिलं. मूळ नाटकात वर-वधू सगोत्र निघाल्यामुळे लग्न मोडतं, आमच्याकडे आधार कार्डावरून मुलगी अल्पवयीन निघते.

ते ज्येष्ठ म्हणाले, "पदं काढली, भाषा बदलली, मग देवलांचं नाव कशाला लावता?" आणि उठून गेले. तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो: देवलांनीच शेक्सपिअरचं ऑथेल्लो उचलून 'झुंझारराव' केलं. ज्यांनी मॅकबेथचं 'राजमुकुट' केलं, ज्यांच्या 'नटसम्राट'मागे लिअर उभा आहे, ते तात्यासाहेब शिरवाडकर (कुसुमाग्रज) याच गावात राहिले. हात लावू नका हे नाशिककराने तरी म्हणू नये. पाया पडून ठेवलेलं नाटक मरतं.

आधी संहिता पाठ हवी. मी 'शारदा' पूर्ण हाताने उतरवून काढलं होतं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. देवल १९१६ला गेले, त्यामुळे अडचण नाही. शिरवाडकर, कानेटकरांसाठी लेखी परवानगी लागेल. बदललेली संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) नव्याने पाठवा, जुन्या प्रमाणपत्रावर भागवू नका.

आणि हो, पदांबाबत ते ज्येष्ठ बरोबर होते. सगळी काढायला नको होती. शारदेला बापासमोर बोलता येत नाही, ती गाण्यातूनच बोलते. सायखेडकर नाट्यगृहात विंगेत उभा होतो, आमची शारदा पदाच्या जागी नुसती उभी राहिली आणि तिला म्हणायला मी काहीच ठेवलं नव्हतं.