समईची ज्योत आंबोलीत बदलते का?

तुमचा प्रश्न असा: वेंगुर्ल्याच्या घरी समईची ज्योत उभी, पिवळी असते, अंतराळात ती गोल आणि निळी होते असं वाचलं. मग आंबोलीत हवेचा दाब कमी असतो, तर तिथेही थोडा फरक पडायला हवा ना? पडतो. मी इथे किनारपट्टीवरच विज्ञान शिकवते आणि हा माझा अतिशय आवडता विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेगडीत गॅस बर्नरपर्यंत येतानाच हवा ओढून घेतो, म्हणून तिची ज्योत निळी. समईत तसं नाही. तेलाची वाफ वातीकडून बाहेर येते, ऑक्सिजन बाहेरून आत येतो, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या पातळ थरातच ज्वलन होतं. ही विसरण ज्योत; विसरण म्हणजे वायूचे कण आपोआप पसरत एकमेकांत मिसळणं. देवघरातला बल्ब बंद करून नीट पाहा: वातीभोवती काळसर भाग, बुडाशी निळी कड आणि वर पिवळा उजेड. तो पिवळा उजेड तापलेल्या काजळीच्या कणांचा. ज्योतीत क्षणभर पितळी पळी धरा, तेच कण पळीला काळे होऊन चिकटतात.

ज्योत उभी राहते ती गुरुत्वामुळे. तापलेले वायू हलके होऊन वर चढतात आणि त्यांच्या जागी खालून थंड हवा येते. अंतराळस्थानकात हलकं-जड हा भेदच चालत नाही. ऑक्सिजन फक्त विसरणाने, सावकाश येतो. ज्योत गोलसर होते, थंड पडते, तिच्यात काजळी धरत नाही, म्हणून ती निळी दिसते. 1996 मध्ये रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर अशा मंद ज्योती पाऊण तासापर्यंत टिकल्या होत्या.

मीरच्या उंचीवर गुरुत्व संपत नाही बरं का. स्थानक सतत पृथ्वीभोवती पडत असतं, म्हणून आतलं सगळं भारहीन. हेच घरी करता येतं. प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीच्या तळाशी बुटकी मेणबत्ती चिकटवा, पेटवा, झाकण लावा आणि लगेच दोन मीटरवरून गादीवर सोडा. अंधारात, मोबाईलच्या स्लो मोशनवर. पडायला जेमतेम 0.6 सेकंद लागतात, पण तेवढ्यात ज्योत आखडून निळसर झालेली स्पष्ट दिसते. मुलं करणार असतील तर मोठ्या माणसाने जवळ थांबावं.

आता दाब. बरेच जण समजतात की उंचावर ऑक्सिजनचं प्रमाण घटतं. प्रमाण 21 टक्केच राहतं, हवा विरळ होते. विरळ हवेत विसरण जलद होतं. वर चढणारा ओघ विसरणावर किती मात करतो, हे गुरुत्व गुणिले दाबाचा वर्ग यावर ठरतं. त्यामुळे दाब कमी करणं हे थोडंफार गुरुत्व कमी करण्यासारखंच. आंबोली साधारण 690 मीटरवर, तिथला दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठ टक्के कमी. वर्ग केला की हा फरक पंधरा टक्क्यांवर जातो. शिवाय दाब उतरला की काजळीही कमी होते. 1859 मध्ये एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर मेणबत्त्या जाळल्या, तेव्हा मेण जवळपास पायथ्याइतकंच जळलं, उजेड मात्र बराच कमी पडला.

याच्या उलट टोक बंदरावर दिसतं. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनात फवारलेलं इंधन बहुतांशी विसरण ज्योतीनेच जळतं, तेही प्रचंड दाबाखाली. जोर लावताना नळीतून येणारा काळा धूर तीच काजळी.

आंबोलीतला फरक मात्र नुसत्या डोळ्यांना कळणं कठीण. वातीची जाडी, ती किती पुढे ओढली आहे, खिडकीतून येणारा वारा, यांनी ज्योत त्याहून कितीतरी जास्त बदलते. खरंच ताडून पाहायचं असेल तर तीच समई, त्याच बाटलीतलं तेल आणि तेवढीच वात घेऊन जा, खोली बंद ठेवा, आणि दोन्हीकडचे फोटो मोबाईलचं एक्स्पोजर लॉक करूनच काढा.