जन्मांध मुलीला ब्रेल लिपी शिकवावी, की मोबाईलवर ऐकून शिकणे पुरेसे आहे?

आपण लिहिले आहे की आपली भाची साडेचार वर्षांची आहे, तिला जन्मापासून दिसत नाही, उपचाराने दृष्टी येणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि घरातील मंडळींचे म्हणणे असे की हल्ली मोबाईल सगळेच वाचून दाखवतो, तर सहा टिंबांच्या मागे मुलीची दोन-तीन वर्षे कशाला घालवायची. मी दृष्टिहीन मुलांना शिकवणारी विशेष शिक्षिका आहे. माझे मत असे आहे की ब्रेल शिकवावीच, आणि पहिलीची वाट न पाहता आताच तयारीला लागावे. मोबाईल ती आपोआप शिकेल. ब्रेल मात्र कोणी मुद्दाम, रोज, चिकाटीने शिकवल्याशिवाय येत नाही.

घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. ब्रेल वाचन मंद असते. अमेरिकेत गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावलेल्या ब्रेल वाचकांचा सरासरी वेग मिनिटाला १२४ शब्द आढळला, आणि डोळस वाचक सर्वसाधारणपणे याच्या दुप्पट वेगाने वाचतो. उलट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरण्यात मुरलेली माणसे मिनिटाला ३०० शब्दांच्या पुढे सहज ऐकतात. एनव्हीडीए ही अशीच एक प्रणाली २००६ पासून विनामूल्य मिळते आणि ती मराठीही वाचते. त्यात ब्रेल पुस्तक म्हणजे जाडजूड खंडांची चळत. शाळेचे एखादे पाठ्यपुस्तकसुद्धा अनेक खंडांत पसरते. प्रश्न केवळ माहिती मिळवण्याचा असता, तर मीही कानाच्या बाजूने कौल दिला असता.

परंतु कानाने मजकूर कळतो, लेखन कळत नाही, आणि मराठीत हा फरक इंग्रजीइतकाच महागात पडतो. आपली लिपी उच्चारानुसारी आहे, त्यामुळे ऐकले तसे लिहिता येते, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक आपण बोलताना पाळत नाही आणि संगणकाचा आवाजही तो कानाला जाणवेल इतका करत नाही. डोळस मूल हे शब्द पाटीवर, पुस्तकात, दुकानाच्या फलकावर शेकडो वेळा पाहते आणि नियम पाठ न करताही बऱ्याच अंशी शुद्ध लिहू लागते. ऐकून शिकणाऱ्या मुलाला ही संधीच मिळत नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ च्या सुमारास स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये (प्रत्येक अक्षराच्या सहा टिंबांना १ ते ६ असे क्रमांक असतात) इ म्हणजे २ आणि ४ या क्रमांकांची टिंबे, तर ई म्हणजे ३ आणि ५. उ म्हणजे १, ३, ६, तर ऊ म्हणजे १, २, ५, ६. व्यंजनाला लागलेल्या वेलांटीच्या जागीही हेच स्वर लिहिले जातात, आणि तेही व्यंजनाच्या नंतर. त्यामुळे कागदावर आधी काढली जाणारी आपली ऱ्हस्व वेलांटी ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने येते. बोटाखाली ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन निरनिराळी अक्षरे असतात, त्यांची गल्लत होण्यास फारसा वाव राहत नाही.

लेखन न येण्याचा तोटा शाळेत बराच काळ झाकला जातो, कारण परीक्षेला लेखनिक मिळतो आणि तासामागे किमान २० मिनिटांचा जादा वेळही मिळतो. ही सवलत न्याय्य आहे आणि ती मिळालीच पाहिजे, पण तिचा एक परिणाम असा होतो की उत्तर मुलाचे आणि शुद्धलेखन लेखनिकाचे, ही विभागणी दहावी-बारावीपर्यंत चालू राहते. पुढे नोकरीत स्वतः संगणकावर पत्र टंकण्याची वेळ आली की विचार उत्तम, भाषा ओघवती आणि प्रत्येक ओळीत चार चुका, अशी अवस्था होते. हुशार मुलांच्या बाबतीत हे मी पाहिले आहे, आणि त्यात त्या मुलांचा काहीही दोष नव्हता.

लहान वयाचा आग्रह मी का धरते, याचे उत्तर मेंदूविषयीच्या संशोधनात मिळते. १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की लहानपणी दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचत असताना मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी पाहण्याच्या कामी येणारा भाग कार्यरत होतो. पुढच्याच वर्षी लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने त्या भागाच्या कामात चुंबकीय स्पंदांनी क्षणभर व्यत्यय आणला, तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या. मात्र याच गटाला १९९९ मध्ये असे आढळले की ज्यांची दृष्टी १४ व्या वर्षानंतर गेली त्यांच्यावर असा परिणाम होत नाही. मला सर्वांत बोलकी वाटते ती २००० साली नोंदवलेली एका जन्मांध महिलेची हकीकत. त्या ब्रेलच्या कसलेल्या वाचक होत्या. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी पक्षाघाताची इजा झाल्यावर त्यांच्या बोटांना टिंबे लागत होती, पण त्यांतून अक्षर उमटत नव्हते. म्हणजे लवकर शिकलेल्या व्यक्तीसाठी ब्रेल हे केवळ बोटांचे कसब राहत नाही. मोठेपणी ब्रेल शिकताच येत नाही, असा अर्थ यातून काढू नये. शिकता येते, पण सहजता येण्यास कष्ट अधिक पडतात. मधुमेहाने उतारवयात दृष्टी गेलेल्या आणि बोटांची संवेदनाही मंदावलेल्या माणसाला मी ब्रेलचा आग्रह करणार नाही.

ब्रेलच्या बाजूने आणखी एक आकडा नेहमी सांगितला जातो. रूबी राइल्स यांच्या १९९६ च्या अमेरिकेतील पाहणीत, लहानपणी ब्रेल शिकलेल्या प्रौढांमध्ये ४४ टक्के बेरोजगार होते, तर दृष्टी अत्यल्प असूनही छापील अक्षरांवरच शिकवल्या गेलेल्यांमध्ये ७७ टक्के. हा आकडा मी पालकांना सांगते, पण जपून सांगते. पाहणी लहान होती, आणि ज्या मुलांना ब्रेल मिळाली त्यांना बहुधा चांगले शिक्षक आणि लक्ष घालणारे पालकही मिळाले असतील. तेव्हा ब्रेल शिकवली की नोकरी ठरलेली, असे मानू नये.

गणिताविषयी थोडेच सांगते. अपूर्णांक किंवा समीकरण कानाने धरून ठेवता येत नाही, ते समोर मांडलेले असावे लागते. आपल्याकडे त्यासाठी टेलर फ्रेम, म्हणजे अष्टकोनी छिद्रांत खिळे बसवून अंक मांडण्याची पाटी, वापरतात. उच्च गणितासाठी अब्राहम नेमेथ या स्वतः अंध असलेल्या गणितज्ञाने तयार केलेली ब्रेल संकेतप्रणाली आहे. दोन्हींची सवय बोटांना लहानपणीच लागलेली बरी.

फोनचे मोल मी कमी लेखत नाही, आणि रोजच्या व्यवहारात काही ठिकाणी बोट खरोखर हरते. २०१६ नंतरच्या नोटा घ्या. जुनी शंभराची आणि जुनी पाचशेची नोट लांबीवरून सहज ओळखू येई. नव्या मालिकेत १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर आहे, रुंदी तिन्हींची ६६. गर्दीत, भाजीवाल्यासमोर, चार मिलिमीटरचा फरक कोण मोजत बसणार? कडेच्या उठावदार रेषा वापराने झिजतात. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचे २०२० मध्ये आलेले, नोट ओळखून तिची किंमत सांगणारे ‘मनी’ हे ॲप कामी येते. औषधाच्या बाटलीवर, मसाल्याच्या डब्यावर, शाळेच्या वहीवर मात्र ब्रेलची चिठ्ठी चिकटवलेली असली की फोन शोधावाच लागत नाही.

आता भाचीसाठी काय करावे ते सांगते. अक्षरांची घाई नको, हातांची घाई करा. तिला डाळी निवडू द्या, शेंगा सोलू द्या, बटणे लावू द्या, कणीक मळू द्या. बोटे बळकट आणि चौकस झाली की टिंबे अवघड जात नाहीत. दोन्ही हात वापरण्याची सवय आताच लावा, कारण चांगले वाचक दोन्ही हातांनी वाचतात. तिच्याशी बोलताना ‘बघ’, ‘पाहा’ हे शब्द टाळू नका. बार्बरा लँडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८० च्या दशकात अभ्यासलेल्या एका अंध मुलीला ‘वर बघ’ असे सांगितले की ती मान वर न करता हात वर करीत असे. तिच्यासाठी पाहणे म्हणजे हातांनी शोधणे होते, आणि ते तिने कोणी न शिकवता ठरवले होते. ब्रेल पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोचणीने, उजवीकडून डावीकडे, उलटे टोचावे लागते, कारण टिंबे कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून पाच वर्षांच्या मुलाला त्याआधी सहा कळांचे ब्रेलर यंत्र मिळाले तर उत्तम, कारण उठलेले टिंब त्यावर लगेच चाचपता येते.

मुंबईत दादरची १९०० मध्ये आणि व्हिक्टोरिया मेमोरियल ही १९०२ मध्ये सुरू झालेली शाळा, पुण्यात १९३४ पासूनची अंधशाळा, तसेच राष्ट्रीय अंधजन संघ, म्हणजेच ‘नॅब’, यांच्याकडे चौकशी करता येईल. जवळच्या नेहमीच्या शाळेत घालणार असाल तर मुख्याध्यापकांना एवढेच विचारा की ब्रेल जाणणारे विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष तिच्याजवळ बसतील. उत्तर महिन्यातून एकदा असे आले, तर रोजचा सराव घरीच करून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी घरातल्या एका माणसाने ब्रेल शिकून घ्यावी. डोळस माणसाला ती डोळ्यांनी वाचायला शिकायची असते, त्यामुळे रोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत जमते.