मालिशला जाताय? आधी हे सांगा

पहिल्यांदाच अभ्यंगाला जाताय ना, मग कपडे बदलायच्या आधीच बोलून घ्या. फॉर्मवर ‘आजार: नाही’ लिहून मोकळे होऊ नका. गोळीने बीपी ताब्यात आहे म्हणजे बीपी नाहीच, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात.

सगळ्यात आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, जे चालू असेल ते नावानिशी सांगा. जोराच्या दाबाने काळे-निळे डाग पडतात. आणि एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल, हाताला गरम लागत असेल, तर तो पाय चोळून घ्यायचाच नाही. शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. मालिश रद्द, थेट डॉक्टर. ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास नुकताच झाला असेल तर जास्तच जपा.

मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर गरम तेलाचा, वाफेचा चटका कळत नाही. गरोदरपण, ताप, तिळाच्या तेलाची ॲलर्जी, हेही सांगायचंच. लाज कसली त्यात? आणि हे सगळं ऐकून कुणी ‘काही होत नाही हो’ म्हणालं, तर मी तरी त्याला अंगाला हात लावू देणार नाही.