आजीला तारीख नको, बाजाराचा वार विचारा

*‘सिस्टरांना विचारा’ : वाचकांचे प्रश्न, निवृत्त नर्सिंग शिक्षिकेची उत्तरे*

मॅडम, मी जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. मानसिक स्थितीचा फॉर्म भरताना ऐंशीच्या घरातल्या एका आजींना तारीख, पंतप्रधानांचं नाव विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्यांना काहीच आलं नाही. मी ‘स्मरणशक्ती कमी’ लिहिलं, ते इनचार्ज सिस्टरांनी खोडलं. माझं काय चुकलं? – विद्यार्थिनी, लातूर

अगं, आजी शाळेत गेल्या होत्या का, हे आधी विचारलंस का? तुमच्या फॉर्ममधले बरेचसे प्रश्न अमेरिकेत १९७५ साली आलेल्या तीस गुणांच्या चाचणीतून उचललेले असतात. त्या चाचणीत कागदावरचं वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, आकृती उतरवायची. ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरली नाही तिचे गुण तिथेच जातात, आणि त्याचा तिच्या मेंदूच्या आजाराशी काही संबंध नसतो. हरियाणात बल्लभगडकडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं, तेव्हा ‘डोळे मिटा’ असा कागद हातात देणं बंद केलं. तपासणाऱ्याने म्हणायचं, माझ्याकडे बघा, मी करते तसं करा, आणि स्वतः डोळे मिटायचे. तपासायचं तेच, पण अक्षर मध्ये येत नाही.

तूही तसंच कर. आमच्या सोलापुरात मी मुलींना सांगायचे, तारीख विचारू नका. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो, त्याला अजून किती दिवस आहेत, ते विचारा. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, होऊन गेली की व्हायचीय? पेरण्या झाल्या का? आता जेवण सकाळचं झालं की रात्रीचं? काळाचं भान यातून नीट कळतं. लक्ष टिकतं का हे पाहायला रविवारपासून उलटे वार म्हणायला सांग. हिशेबासाठी शंभराची नोट आणि पासष्टची भाजी पुरते. जिने पन्नास वर्षं घर चालवलं तिला ‘किती परत येतील’ हे कळत नसेल, तर ती खरी नोंद.

भाषाही बघ. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पेशंट रोजचे. तेलुगू आजोबा मराठीत अडखळत उत्तर देतात आणि केसपेपरवर ‘बोलणं संथ’ असं चढतं, हे मला अजिबात पटत नाही. नातवाला बोलाव, त्यांच्या भाषेत विचार. ऐकू येतं का, चष्मा घातलाय का, हे सगळ्यात आधी. आणि फॉर्म उघडायच्याही आधी घरच्यांना एक प्रश्न: ‘गेल्या महिन्यात आजी कशा होत्या?’ स्वतः चूल सांभाळणारी बाई आता चुलीपाशी बसून काय करायचं ते विसरते, हे तुझ्या तीस गुणांपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग आहे. चार वर्षांच्या मुलाला काय विचारायचं? तो बोलतच नाही. – स्टाफ नर्स, बार्शी

विचारू नका, खेळा. आईच्या मांडीवरून त्याला उचलू नका. हातात खडू द्या आणि पाच मिनिटं बाजूला बसून बघा. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चार वर्षांचं अधिकच्या खुणेसारख्या दोन रेघा काढतं. तो आईकडे वळून बघतो का, नवी वस्तू दिसली की हात पुढे करतो का, नाव सांगतो का, यात निम्मी तपासणी होते. या वयात ‘काल’ म्हणजे गेली दिवाळीसुद्धा असू शकते, म्हणून वेळेचे प्रश्न सोडून द्या. न दिसणाऱ्या मित्राशी तो गप्पा मारत असेल तर घाबरू नका, त्या वयाचं ते खेळणं आहे. चड्डी ओली न करणारं मूल दवाखान्यात आल्यावर अंथरुण ओलं करू लागलं, तर आईला सांगा की ताणाने असं होतं, रागावू नका.

घाबरायचं ते शांत मुलाला. काल सुई बघून वॉर्ड डोक्यावर घेणारं पोरगं आज सुई टोचताना नुसतं बघत राहिलं, तर ‘शहाणा झाला’ म्हणू नका, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा. तान्ह्या बाळात तर आईचं दूध सोडणं, न रडता पडून राहणं, किंवा चिरका, थांबता न थांबणारा आवाज, हीच मानसिक स्थितीची नोंद. टाळू फुगलेली आहे का हे हात लावून बघाच.

सोळा वर्षांच्या मुलीने शेतातलं औषध घेतलं होतं, आता वाचली आहे. तिला ‘पुन्हा मनात येतं का’ असं विचारलं तर ते डोक्यात भरेल, असं वॉर्डात सगळे म्हणतात. – नर्स, ग्रामीण रुग्णालय

भरत नाही. विचारल्याने विचार रुजतो हा समज फार नुकसान करतो. विचारा, आणि सरळ विचारा: ‘मरून जावं असं आताही वाटतं का? पुन्हा कसं करायचं ते ठरवलंयस का?’ पण आईवडील, काका, शेजारी खाटेभोवती उभे असताना नव्हे. त्यांना चहाला पाठवा, पडदा ओढा. ‘तू सांगशील ते गावभर होणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल,’ हे आधीच सांगून टाका. मुलं ते मानतात. ती काय बोलली ते तिच्या शब्दांत लिहा, ‘नाटक करते’ असलं काही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच धरायचं असतं. वॉर्डातल्या टोमण्यांना त्यात जागा नाही. घरी सोडताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आई आणि मुलगी दोघींना द्या. औषधाचा डबा कुलपात ठेवायला वडिलांना बजावून सांगा.

सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्रीपासून ते वात झाल्यासारखे बडबडतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, सलाईन ओढतात. सकाळी मात्र झोपून असतात. ‘वय झालं, चालायचंच’ असं सांगतात. हा स्मृतिभ्रंश आहे का? – सून, पंढरपूर

ताई, परवापर्यंत जो माणूस दुधाचा हिशेब ठेवत होता तो दोन रात्रींत स्मृतिभ्रंशाचा होत नाही. स्मृतिभ्रंश महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चढत जातो. तासा-दिवसांत सुरू होणारं, सकाळी एक आणि रात्री एक असं हेलकावणारं, लक्ष एका जागी न ठरणारं हे वेगळं दुखणं आहे, डॉक्टर त्याला ‘डिलिरियम’ म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलंच काहीतरी असतं. वयाने ते होतं हे उत्तर मला मान्य नाही. ‘परवापर्यंत असे नव्हते’ हे वाक्य डॉक्टरांना ठासून सांगा. लघवीत जंतुसंसर्ग आहे का, लघवी तुंबली आहे का, रक्तातलं सोडियम आणि साखर किती, ऑक्सिजन कमी आहे का, वेदना दबल्या आहेत का, शौचाला किती दिवस झालं नाही, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू झाली का, हे सगळं बघायला सांगा.

आणखी एक, लाज न बाळगता सांगा. ते रोज संध्याकाळी थोडी घेत असतील तर ते आज, आत्ता सांगा. रोजची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांनी असंच होतं, ते जिवावर बेतू शकतं, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. घरची माणसं हे लपवतात आणि पेशंटला भोगावं लागतं.

तोवर त्यांचा चष्मा, कानातलं यंत्र, कवळी घरून आणा. खाट खिडकीजवळ मिळते का बघा, दिवसा उजेड, रात्री मंद दिवा. आळीपाळीने दहा जणांनी येण्यापेक्षा ओळखीचं एकच माणूस उशाशी बसू दे. भाऊ दिसतो म्हणाले तर वाद घालू नका. ‘मी सूनबाई, आपण दवाखान्यात आहोत, पाय दुरुस्त केलाय’ एवढंच शांतपणे सांगा. हात बांधू देऊ नका, त्याने धडपड वाढते. आणि सकाळी ते झोपून असतात म्हणता, तेव्हा ‘बरं झालं, शांत आहेत’ असं धरू नका. हाक मारा, उठवा. उठले नाहीत, किंवा उठून लगेच डोळे मिटले, तर बडबडीइतकंच ते गंभीर आहे. सिस्टरांना वेळेसकट सांगा आणि केसपेपरवर नोंद झाली का ते विचारा.