आधी वाजवून दाखव

ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

युकुलेले या गिटारसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्याबद्दल तू पाठवलेली प्रश्नांची यादी नीट वाचली. चौथी तार वरच्या जीची ठेवावी की खालच्या, स्ट्रमिंग, म्हणजे तारा एकत्र छेडणे, तर्जनीने करावे की अंगठ्याने, कॉन्सर्ट आकाराचे विकून मोठे टेनर घ्यावे का, ई कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा तो समूह, बसत नसेल तर ती असलेली गाणीच सोडून द्यावीत का, आणि अगदी शेवटी, सहज सुचले म्हणून लिहावे तसे, ‘नक्की कोणाचे ऐकू?’ वाशीला ज्यांच्याकडे जातोस ते गृहस्थ एक सांगतात, कॉलेजातला तुझा सीनियर नेमके उलटे सांगतो, आणि मावशी, म्हणजे मी, तर काहीच सांगत नाहीत, असेही तू लिहिले आहेस. ते वाचून मला राग आला नाही असे म्हणणार होते, पण थोडा आलाच.

वाद्य गोड आहे, धीर धर, तुला येईल, वगैरे मी लिहीत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे, नाहीतर भर पावसात युकुलेले प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ऐरोलीहून ट्रान्स हार्बरच्या गर्दीतून तू ठाण्याला आला नसतास. मुद्द्याचे बोलते.

त्या रविवारी घंटा वाजवण्याआधी तू जिन्यात थांबून थोडा वेळ वाजवत होतास. मी दाराच्या आत उभी राहून ऐकले. एफ कॉर्डवरून जी सेव्हन कॉर्डकडे जाताना दर वेळी तुझा उजवा हात थांबत होता. डाव्या हाताची बोटे जागेवर पोहोचेपर्यंत ताटकळत होता आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होत होता. शिवाय तुझ्या एफमध्ये सी तार वाजतच नव्हती. दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी, जी तार दाबणारे तुझे मधले बोट आडवे पडून शेजारच्या सी तारेला टेकत असणार. बोटाचे टोक उभे ठेवले, मनगट जरासे पुढे घेतले आणि डाव्या हाताची नखे वेळच्या वेळी कापली, की ती तार वाजू लागते. नंतर तू आत आलास, पिशवी कोपऱ्यात उभी केलीस, तिची चेन उघडलीसुद्धा नाहीस आणि लो जीबद्दल, म्हणजे त्या खालच्या जीबद्दल, विचारलेस. बसलेल्या मंडळींनी आपापली मते सांगितली, चहा झाला, आणि तू परत गेलास.

जिन्यातल्या त्या वाजवण्यात तुझ्या सगळ्या यादीपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या आणि त्या तुझ्या यादीत नाहीत. असणार तरी कशा? आपला हात थांबतो हे ज्याला ऐकू येते, तो थांबवतच नाही. अनुभवी माणसाजवळ मते पुष्कळ असतात आणि ती मागितल्याबरोबर मिळतात. त्याचे कान मात्र तू वाजवल्याशिवाय कामाला लागत नाहीत. नाडी न दाखवता औषध विचारणाऱ्याला वैद्य चार ठरावीक पथ्ये सांगून वाटेला लावतो, तसे आम्ही सगळ्यांनी तुला वाटेला लावले. म्हणून एवढेच पुन्हा पुन्हा सांगते: आधी वाजवून दाखव.

तरीही तुझा गोंधळ खोटा नाही, म्हणून चौथ्या तारेबद्दल एकदाच लिहिते. युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए अशा लावतात, आणि नेहमीच्या पद्धतीत ही जी तार सीच्या खालची नसून वरची, एपेक्षा एकच पूर्ण स्वर खाली असते. त्यामुळे वाद्यावरचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे सी, पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिथे सा धरलास तर मोकळ्या तारांवर प, सा, ग, ध मिळतात, पण साच्या खाली उतरायला जागा नाही; एखाद्या भावगीताची चाल मंद्र पंचमाकडे निघाली की तुला नाइलाजाने ती वरच्या सप्तकात उचलावी लागते आणि चालीचा जीव जातो. लो जी लावली की मंद्रातले प, ध, नी हाताशी येतात. वाशीचे गृहस्थ चाल वाजवतात, म्हणून त्यांना लो जी लागते. तुझा सीनियर कॉर्ड धरून गातो, त्याला वरच्या जीची किणकिण हवी असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तिसराही एक मार्ग आहे: सा पांढरी चारवर, म्हणजे एफवर धरायचा, की जुन्याच तारांवर मोकळी सी तार तुझा मंद्र पंचम होते आणि मोकळी ई तार मंद्र निषाद. अर्थात तो सूर तुझ्या गळ्याला मानवायला हवा. हे तुला दोघांपैकी कोणी सांगितले नाही, कारण तू कोणालाच चाल वाजवून दाखवली नाहीस. दाखवली असतीस तर ती ज्या जागी अडखळली त्याच जागी वाशीकरांनी तुला थांबवले असते, आणि हा प्रश्न यादीत आलाच नसता.

‘योग्य पद्धत’ हा शब्द तू तीन ठिकाणी वापरला आहेस, म्हणून थोडा इतिहास. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागले. त्यांत मान्युएल नुनेश आणि त्याचे दोन सोबती, असे लाकूडकाम जाणणारे तिघे होते. गावाकडे माशेत नावाचे छोटे चार तारांचे वाद्य होते आणि राजाँव नावाचे पाच तारांचे. या मंडळींनी हवाईत जे वाद्य घडवले त्याचा आकार पहिल्याच्या वळणाचा आणि तारा लावण्याची रीत दुसऱ्याकडून आलेली. हवाईच्या राजा कालाकौआने त्याला दरबारात स्थान दिले. पुढे कॅनडातल्या शाळांत हेच वाद्य एक स्वर वर चढवून ए, डी, एफ शार्प, बी असे लावून शिकवले गेले, आणि बॅरिटोन हे मोठे युकुलेले तर गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांसारखे डी, जी, बी, ई असे लावतात. जोडजमव करून जन्मलेल्या या वाद्याकडून एकच शुद्ध उत्तर मागू नकोस. दोन जाणकार दोन गोष्टी सांगतात तेव्हा तुला कोणी फसवत नसते.

ई कॉर्डचेही असेच आहे. चौथ्या पडद्यावर जी, सी, ई या तीन तारा आणि दुसऱ्या पडद्यावर ए तार, ही तिची नेहमीची जागा. काही जण अनामिका आडवी टाकून तिन्ही तारा एका बोटाखाली घेतात आणि तर्जनीने ए तार धरतात. ते करताना अनामिका ए तारेवरून अलगद उचललेली राहावी लागते. काही जण जी तार पहिल्या पडद्यावर, सी तार चौथ्यावर, ए तार दुसऱ्यावर दाबून ई तार मोकळी सोडतात. स्वर तेच, फक्त बोटे फाकावी लागतात. काही जण सरळ गाणे पांढरी सहावरून पांढरी पाचवर आणतात, म्हणजे ए, डी, ईऐवजी जी, सी, डी धरून काम भागते. यांतला तुझा मार्ग कोणता, हे तुझ्या अनामिकेचे शेवटचे पेर मागे किती वळते यावर अवलंबून आहे, आणि पत्रातून मला तुझे बोट दिसत नाही. समोर बस, वाजवून दाखव. मला अर्धे मिनिट लागेल.

आता माझ्याविषयी, कारण ‘काहीच सांगत नाहीत’ हे तू लिहिलेस. आमच्याकडे पूर्वी येणारी एक मुलगी बाहेर हेच बोलत असते, की मावशींकडे गेले तर त्या नुसते ‘पुन्हा वाजव’ म्हणतात. मला ते लागले. मी कोणाकडून फी घेत नाही, हे मी लिहिणार नव्हते. लिहिले आहे तर राहू दे. मी कॉर्डचे छापील कागदही वाटत नाही, कारण कागद मिळाला की माणूस तो फाइलमध्ये लावतो आणि शिकल्याच्या समाधानात घरी जातो. मी तशा फाइली पाहिल्या आहेत, फार नीटनेटक्या असतात.

मी मॅन्डोलिन ज्यांच्याकडे शिकले ते नौपाड्यातल्या एका चाळीत राहत आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवत. शिकवताना त्यांच्या तोंडी एकच शब्द असे, ‘पुन्हा’. का पुन्हा, हे त्यांनी मला कधीही सांगितले नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. पडद्याच्या अगदी लगत बोट ठेवायला ते सक्तीने लावत; तिथे दाब कमी लागतो आणि तार खरखरत नाही, हे कारण मला ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी उमगले. एक वाक्य सांगितले असते तर काय बिघडले असते? त्या एका वाक्याने माझी किती संध्याकाळची चिडचिड वाचली असती. पण ‘पुन्हा’ म्हणण्यासाठी त्यांना मी वाजवलेले ऐकावे लागे, आणि ते डोळे मिटून, दुसरे काहीही न करता ऐकत असत. माझे वाजवणे इतके मन लावून त्यानंतर कोणीही ऐकलेले नाही. म्हणून मी तुम्हा मुलांना ‘पुन्हा’बरोबर कारणही सांगते, निदान सांगण्याचा प्रयत्न करते, पण क्रम बदलणार नाही. आधी वाजवणे, मग कारण. हा माझा हट्ट आहे असे कोणी म्हणत असेल तर खुशाल म्हणावे.

वाजवून दाखवण्याचीही एक रीत असते, ती सांभाळ. संपूर्ण गाणे आणू नकोस. ज्या दोन ओळींत तुझी गाडी अडते तेवढ्याच आण. ‘अजून बसलेले नाही’ अशी प्रस्तावना करू नकोस, ते ऐकणाऱ्याला कळते. मेट्रोनोम, ते ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून वाजव, आणि चुकलास तरी उजवा हात थांबवू नकोस. केरव्याच्या आठ मात्रांवर हात खाली-वर चालू राहिलाच पाहिजे. डावा हात पोहोचला नसेल तर तारा नुसत्या मुक्या वाजू देत, पण हात चालू देत. समोरच्याने थांबवले की एकच प्रश्न विचार, ‘तुम्हाला काय ऐकू आले?’ जे सांगितले जाईल ते घरी करून बघतो म्हणू नकोस. तिथेच, त्यांच्या देखत, लगेच वाजव, कारण सांगणाऱ्याचे शब्द आणि त्याच्या मनातली गोष्ट यांत फरक असतो आणि तो तू केल्यावरच त्याला दिसतो. पुढच्या खेपेला त्याच दोन ओळी पुन्हा वाजवून दाखव. नवी मुले नेमकी इथे कच खातात. दर वेळी नवे गाणे घेऊन येतात, आणि मागची दुरुस्ती झाली की नाही हे कोणालाच कळत नाही, त्यांनाही नाही.

फोनवर रेकॉर्ड करून पाठवू का, असे विचारशील. पाठव, अगदी काहीच नसण्यापेक्षा बरे. पण तुझी मुकी सी तार फोनवर ऐकू येईल, तुझा श्वास रोखलेला आणि खांदा कानाला लागलेला आहे हे दिसणार नाही, आणि पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

उरलेले प्रश्न झटपट. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि उतरतात. वाद्य बिघडलेले नाही, दर वेळी खालून वर आणून लाव. तारा सुरात लावायचा क्लिपचा ट्यूनर लाकडाची थरथर टिपतो, म्हणून तो ठाण्याच्या फलाटावरच्या गोंगाटातही चालतो. तुझे युकुलेले प्लायवुडचे आहे याची लाज बाळगू नकोस. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते सबंध फळीच्या वाद्यापेक्षा कमी कुरकुर करते. कॉन्सर्ट विकू नकोस. त्याच्या तारेची लांबी १५ इंच, टेनरची १७. दोन इंचांनी तुझा उजवा हात चालू लागणार नाही.

आणि वाशीच्या गृहस्थांकडे जाणे माझ्यासाठी सोडू नकोस. ते तुला अंगठ्याने वाजवायला लावतील, मी तर्जनीने लावीन. त्यांच्यासमोर अंगठ्याने वाजव, माझ्यासमोर तर्जनीने, आणि सहा महिने आम्हा दोघांपैकी कोणाशीही वाद घालू नकोस. त्यांचे आणि माझे या बाबतीत फार पूर्वीपासून पटत नाही, पण त्यांचा कान माझ्याहून चांगला आहे. हे त्यांना सांगण्याची गरज नाही.

रविवारी पाचला ये. एफ आणि जी सेव्हन, एवढेच आण.

तुझी
मावशी