वेग वाढला, मग मन का भरत नाही?

प्रश्न : माझी गाडी 2003 ची बीएमडब्ल्यू 330आय. सहा सिलिंडर, हाताने बदलायचे गिअर. आता बदलावी म्हणून नवी 330आय, मर्सिडीज सी 300 आणि अल्फा रोमिओ ज्युलिया चालवून पाहिल्या. तिन्हींत दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो (पंख्याने जादा हवा कोंबणारं) इंजिन. तिन्ही माझ्या गाडीपेक्षा जोरात पळतात. तरी उतरल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं नाही. ज्युलियात मात्र थोडं वाटलं. हा जुन्याचा मोह आहे, की खरंच काही हरवलंय? – एक वाचक

उत्तर : हरवलंय, आणि काय हरवलंय त्यावर बोट ठेवता येतं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हीच गाडी गेली अकरा वर्षं मीही चालवतोय.

आधी इंजिन. आपल्या जुन्या तीन लिटरच्या इंजिनाची ताकद 231 अश्वशक्ती. 300 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो तो 3500 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेतं तेव्हा. नवी 330आय 2019 मध्ये आली ती 258 अश्वशक्ती आणि 400 न्यूटन-मीटर घेऊन, आणि हा टॉर्क 1550 आरपीएमलाच हजर असतो. जुन्या गाडीत पुढच्याला ओलांडायचं तर चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात यावं लागतं, फेऱ्यांचा काटा चढतो, पाच हजारांच्या आसपास आवाजाला धार येते आणि गाडी मोकळी सुटते. नव्या गाडीत पाय जरासा दाबला की काम झालेलं असतं. काटा वर न्यायचं कारणच उरत नाही. तुम्हाला जे चुकल्यासारखं वाटतं ते हे चढणं आहे.

शिवाय सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये पिस्टन एकमेकांचे धक्के आपसांतच खोडून टाकतात. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दुप्पट गतीने होणारी थरथर शिल्लक राहते. बॅलन्स शाफ्ट, म्हणजे उलट धक्का देणारे फिरते दांडे, बसवून ती दाबता येते, पण त्याने सहा सिलिंडरचा सूर येत नाही. मग तो स्पीकरमधून ऐकवला जातो. मला हे मनापासून नापसंत आहे.

पाय दाबल्यावर टर्बोला जोर धरायला जरा वेळ लागतो. सी 300 ने ही सुरुवातीची ढिलाई छान भरून काढली आहे. तिथली 48 व्होल्टची विजेची मोटर क्षणभर 200 न्यूटन-मीटरची जोड देते. हाच रस्ता पुढे नेऊन मर्सिडीजने सी 63 या वेगवान मॉडेलमधलं चार लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन काढलं आणि दोन लिटरचं इंजिन व मागच्या चाकांना विजेची मोटर दिली. एकूण 680 अश्वशक्ती, पण वजन दोन टनांच्या वर. इतकं वजन वळणात लपत नाही.

पण माझ्या मते तुमच्या तक्रारीचं मूळ इंजिनापेक्षा स्टिअरिंगमध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात एका लांब डाव्या वळणावर मी जुनी गाडी तिसऱ्यात चालवत होतो. मधेच चाक हातात हलकं झालं, लोण्यातून फिरल्यासारखं. पुढचे टायर पकड सोडायच्या बेतात होते. मी पाय जरा सैल केला, चाक पुन्हा भरलं, गाडी आपल्या रेषेत आली. हे सगळं एका श्वासाचं काम. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर नवी 330आय घेऊन गेलो. चाकाचं वजन शेवटपर्यंत तेच. पकड सुटली हे मला डॅशबोर्डवर लुकलुकलेल्या दिव्यावरून कळलं.

नव्या गाडीत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते, पण याचा दोष सरसकट अशा इलेक्ट्रिक स्टिअरिंगला देऊ नका. ज्युलियाचंही इलेक्ट्रिकच आहे. पण त्याचा रेशो 11.8 इतका जलद आहे, म्हणजे थोडं फिरवलं तरी टायर लगेच वळतात, पुढे प्रत्येक चाक दोन दांड्यांनी धरणारं डबल विशबोन सस्पेन्शन आहे, आणि जुळवणी करणाऱ्यांनी हाताला काय कळावं याचा विचार केलेला दिसतो. तुम्हाला तिच्यातच पुन्हा बसावंसं वाटलं ते उगाच नाही.

आता काय करायचं? तिन्ही गाड्या पुन्हा मागा, पण स्पोर्ट मोड बंद ठेवून. त्याने स्टिअरिंग जड होतं. जड होणं वेगळं आणि बोलकं होणं वेगळं. शक्य असेल तर लहान चाकांची गाडी मागा. बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतील तर त्यांच्या कडक बाजूंचा परिणाम लक्षात घ्या. मग ओळखीचं वळण, तिसरा गिअर, मध्यम वेग. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला आणि गाडीचं नाक आत येतंय का, किती वेळात येतंय, ते हाताने ऐका. पूर्ण दाबून पळवण्यात वेळ घालवू नका, तिथे तिन्ही गाड्या पास होतात.

पैशांची सोय होत असेल तर बीएमडब्ल्यूचीच एम340आयही चालवून पाहा. तिच्यात सरळ रांगेतले सहा सिलिंडरच आहेत, टर्बोसह 374 अश्वशक्तीचे. चढतानाचा तो आवाज तिथे बराचसा भेटतो. हाताने गिअर बदलणं मात्र विसरावं लागेल, आणि स्टिअरिंगबद्दल वर लिहिलेलं बरंचसं तिलाही लागू आहे. मला निवडायला सांगितलं तर मी ज्युलिया घेईन.